डाग कुणाचा? छोट्या कारखान्यांची शीट फिल्म आणि तिचे दोष

धुऊन वाळवलेली निगेटिव्ह लाइट टेबलवर ठेवावी आणि आकाशाच्या भागात टाचणीच्या टोकाएवढा एक पारदर्शक ठिपका दिसावा, हा अनुभव मोठ्या कॅमेऱ्यावर काम करणाऱ्या कुणालाही नवा नाही. प्रिंटमध्ये तो काळा उमटणार. फिल्म छोट्या कंपनीची असेल तर संशय लगेच कंपनीवर जातो. नावाजलेल्या कंपनीची असेल तर आपण आपल्याच धुळीला बोल लावतो. ठिपका दोन्हीकडे सारखाच असतो, आपला कल आधीच ठरलेला असतो.

छोट्या कारखान्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट शीट फिल्ममध्ये दोष जास्त असतात, ही तक्रार निराधार नाही. त्याची कारणं ठोस आहेत आणि ती पुढे येतीलच. पण हाती आलेला विशिष्ट डाग कारखान्यातला की आपल्या डार्करूममधला, हे ठरवायचं तर नुसत्या डागाकडे बघून फारसं कळत नाही. तोच डाग पुन्हा कुठे येतो, कोणत्या दिशेने येतो आणि कशाबरोबर फिरतो, हे बघावं लागतं.

शीट फिल्म म्हणजे रोलमध्ये न गुंडाळलेली, सुट्या तुकड्यांची फिल्म. ४×५, ५×७ आणि ८×१० इंच हे तिचे नेहमीचे आकार. अंधारात एक तुकडा होल्डरमध्ये सरकवायचा, होल्डर भात्याच्या कॅमेऱ्याला मागून लावायचा, डार्क स्लाइड, म्हणजे होल्डरमधली उजेड अडवणारी पट्टी, ओढायची, एक्स्पोजर द्यायचं, स्लाइड परत घालायची. एक तुकडा, एक फोटो.

दिसायला हा साधा प्लास्टिकचा तुकडा, पण त्यावर बरेच थर असतात. मध्ये पॉलिएस्टरचा बेस, जाडी साधारण ०.१८ मिलिमीटर. ३५ मिलिमीटर फिल्मचा बेस ०.१२५ च्या आसपास असतो, १२० रोलचा (मध्यम आकाराच्या कॅमेऱ्यांत वापरतात तो रुंद रोल) त्याहूनही पातळ. जिलेटिन प्लास्टिकला आपणहून नीट चिकटत नाही, म्हणून बेसवर आधी चिकटण्यापुरता एक अगदी बारीक थर द्यावा लागतो. त्यावर इमल्शन, म्हणजे जिलेटिनमध्ये विखुरलेले सिल्व्हर हॅलाइडचे स्फटिक, त्यातही मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइड आणि थोडं आयोडाइड. इमल्शनवर साध्या जिलेटिनचा संरक्षक थर. बेसच्या मागच्या बाजूला रंग मिसळलेला आणखी एक जिलेटिनचा थर असतो आणि त्याच्याकडे दोन कामं असतात. बेसमधून आरपार गेलेला प्रकाश परत उलटून इमल्शनवर येऊ नये, हे एक. दुसरं म्हणजे पुढचं जिलेटिन वाळताना फिल्मला आपल्याकडे ओढतं, तेव्हा मागूनही तेवढीच ओढ मिळून फिल्म सपाट राहावी.

वाळल्यावर इमल्शनच्या थराची जाडी काही मायक्रॉन उरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. समजा थर दहा मायक्रॉनचा आहे आणि एका ठिकाणी तो नऊच पडला, तर तिथे चांदी दहा टक्के कमी. झाडाझुडपांच्या फोटोत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. मोकळ्या, एकसारख्या राखाडी आकाशात मात्र तिथे पट्टा दिसेल. पुढच्या बहुतेक कटकटींचं मूळ या आकड्यात आहे.

थर देण्याचं काम

इमल्शन साधारण ४० अंश सेल्सिअसला पातळ असतं. बेसची मीटरभर किंवा त्याहून रुंद, लांबच लांब पट्टी यंत्रातून धावत असते आणि एका अरुंद फटीतून येणारं इमल्शन तिच्यावर पसरत जातं. लगेच थंड हवेने ते गोठवतात, मग स्वच्छ, आर्द्रता नेमकी राखलेल्या हवेच्या बोगद्यातून नेऊन वाळवतात. हे सगळं अंधारात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पट्टी इमल्शनच्या कुंडाला स्पर्श करत जायची. मग १९५० च्या दशकात कोडॅकच्या लोकांनी अनेक थर एकमेकांत न मिसळता एकाच वेळी देण्याची पद्धत बसवली, आणि पुढे तर इमल्शनचा पडदाच धावत्या पट्टीवर सोडायला लागले. ही यंत्रं अवाढव्य असतात. कोट्यवधी रोल खपत होते त्या काळासाठी ती बांधलेली होती.

तो काळ सरला. आग्फाफोटो २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली. हंगेरीतल्या वाक गावचा फोर्टे कारखाना २००७ मध्ये बंद पडला. एफ्के फिल्म बनवणारी क्रोएशियाची फोटोकेमिका २०१२ मध्ये थांबली आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला खुद्द कोडॅकला दिवाळखोरीचं संरक्षण मागावं लागलं. इलफर्ड २००४ मध्ये बुडता बुडता वाचली, व्यवस्थापनातल्याच लोकांनी ती विकत घेतली आणि हार्मन टेक्नॉलॉजी या नावाने इंग्लंडमधल्या मोबर्लीत ती चालू राहिली. फुजीची अ‍ॅक्रॉस शीट फिल्म २०१८ मध्ये गेली.

मागे उरलेल्या छोट्या नावांमध्ये तीन वेगवेगळ्या जाती आहेत, आणि त्यांना एकाच मापाने मोजणं चूक आहे. पहिली जात जुन्या, पण पूर्ण कारखान्यांची. झेक प्रजासत्ताकातल्या ह्राडेट्स क्रालोवेची फोमा १९२१ पासून आहे आणि इमल्शन स्वतः शिजवते. दुसरी जात छोट्या यंत्रांवर उभी राहिलेल्यांची. बर्लिनजवळ बाड सारोला अ‍ॅडॉक्स आहे, इटलीत जुन्या कारखान्याच्या संशोधन विभागातून पुन्हा उठलेली फेरानिया आहे. त्यांची छोटी यंत्रं मुळात चाचणीसाठी होती, बाजार भरवण्यासाठी नव्हती. तिसरी जात फक्त नावाची. हे लोक दुसऱ्याकडून मोठा मास्टर रोल घेतात, आपल्या मापात कापतात, आपल्या डब्यात भरतात. तो रोल कधी विमानातून सर्वेक्षणासाठी बनवलेल्या फिल्मचा असतो, कधी एक्स-रेचा, कधी एखाद्या तांत्रिक कामाचा. या तिसऱ्या जातीच्या डब्यात थर देण्याचे दोष सहसा कमी आणि कापण्या-भरण्याचे जास्त, असं माझं मत आहे. थर तर मोठ्या यंत्रावरच दिलेला असतो.

छोट्यांनाच जास्त त्रास का?

मोठी कंपनी चुका करत नाही असं नाही. तिला चुका फेकून देणं परवडतं. यंत्र सुरू होताना आणि थांबताना पट्टीचा काही भाग वायाच जातो. लांबलचक उत्पादनात तो नगण्य असतो, छोट्या बॅचमध्ये तोच एकूण मालाचा मोठा हिस्सा होतो. मोठ्या ओळीवर इन्फ्रारेड उपकरणं धावत्या पट्टीवरचे डाग टिपत जातात आणि तेवढे भाग कापताना काढून टाकता येतात. छोट्या ठिकाणी तपासणी बऱ्याचदा नमुन्यांवर चालते आणि कडेचा, शंकेचा माल टाकायचा की डब्यात भरायचा हा सरळ पैशांचा प्रश्न होतो.

त्यात शीट फिल्मचा बेस जाड. म्हणजे ३५ मिलिमीटर किंवा १२० साठी थर दिलेल्या रोलमधून ती कापता येत नाही, तिच्यासाठी स्वतंत्र उत्पादन लावावं लागतं, आणि खप कमी म्हणून ते क्वचितच लागतं. जे काम वर्षात मोजक्या वेळा होतं त्यात हात बसत नाही. याला पळवाट म्हणून कुणी पातळ बेसवरचीच फिल्म शीटच्या मापात कापून विकतं. अशी फिल्म होल्डरच्या खाचांमध्ये नीट बसत नाही, मधोमध फुगते आणि कडक फोकस असूनही फोटोचा मधला भाग मऊ येतो. दोष लेन्सचा समजून लोक उगाच लेन्स बदलतात.

एकाच नावाची रोल आणि शीट फिल्म एकच असेल, हेही गृहीत धरू नये. कोडॅकच्या ट्राय-एक्सचा वेग, म्हणजे ती उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा, रोलमध्ये ४०० आहे आणि शीटमध्ये ३२०, आणि दोघींची इमल्शनं वेगळी आहेत.

कच्चा माल हा आणखी एक जाच. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून बनतं, आणि नैसर्गिक माल प्रत्येक खेपेला थोडा वेगळा असतोच. १९२० च्या दशकात कोडॅकचे सॅम्युएल शेपर्ड एका कोड्यामागे लागले होते. काही जिलेटिनमधून जलद फिल्म बनायची आणि काहींमधून, बाकी सगळं तेच ठेवूनही, मंद. त्यांनी शोध लावला की फरक जिलेटिनमधल्या गंधकाच्या अतिसूक्ष्म संयुगांचा आहे, आणि ही संयुगं मोहरीच्या जातीच्या वनस्पतींमध्ये सापडतात. गाईंनी काय खाल्लं यावर फिल्मचा वेग ठरत होता! आज निष्क्रिय जिलेटिन घेऊन गंधक मोजून घालतात, त्यामुळे ते कोडं उरलेलं नाही. पण पुरवठादाराने जिलेटिनची प्रत बदलली, एखादा सेन्सिटायझिंग डाय (इमल्शनला वेगवेगळ्या रंगांचा उजेड टिपायला लावणारा रंग) बनायचाच बंद झाला, बेस देणारा बदलला, की छोट्या कारखान्याला सूत्र नव्याने जुळवावं लागतं. त्या जुळवाजुळवीतल्या बॅचेस बाजारातच येतात. बॅच बदलली की अर्धा स्टॉप वेग इकडे-तिकडे होणं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) किंवा कॉन्ट्रास्ट बदलणं यामागे बहुधा हेच असतं.

इथे एक हिशेब बघण्यासारखा आहे. ३५ मिलिमीटरचा ३६ फोटोंचा एक रोल, १२० चा एक रोल, ४×५ चे चार तुकडे आणि ८×१० चा एक तुकडा, या सगळ्यांचं क्षेत्रफळ जवळपास सारखं, सुमारे ५०० चौरस सेंटिमीटर. समजा कारखान्याच्या मालात दर ५०० चौरस सेंटिमीटरमागे एक डाग आहे. ३५ मिलिमीटरवाल्याचा ३६ पैकी एक फोटो बिघडेल, आणि कदाचित तो फोटो तसाही तो वापरणार नव्हता. ८×१० वाल्याचा प्रत्येक फोटो बिघडेल. फिल्म तीच, दर तोच, आणि एक म्हणतो मस्त फिल्म, दुसरा म्हणतो भंगार. दोघंही खरं बोलत असतात.

अर्थात नाण्याला दुसरी बाजू आहे. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह आठपट मोठी केली की ५० मायक्रॉनचा ठिपका ०.४ मिलिमीटरचा होतो, उघड दिसतो. ८×१० च्या कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये, म्हणजे निगेटिव्ह कागदावर टेकवून काढलेल्या त्याच मापाच्या प्रिंटमध्ये, तो ५० मायक्रॉनचाच राहतो आणि शोधावा लागतो. म्हणून मोठ्या शीटवर बारीक पिनहोलपेक्षा (टाचणीच्या टोकाएवढ्या पारदर्शक ठिपक्यांपेक्षा) रुंद, अंधूक गोष्टींची काळजी जास्त करावी: पट्टे, ढगाळ डाग, एका कडेकडून दुसरीकडे हळूच बदलत जाणारी डेन्सिटी, म्हणजे निगेटिव्हचा काळेपणा. ब्रशने ठिपका भरता येतो, आकाशातला पट्टा नाही.

डाग वाचणं

थर देताना यंत्राच्या फटीत हवेचा बुडबुडा किंवा वाळका कण अडकला, तर धावत्या पट्टीवर तिथून पुढे एक सरळ रेघ उमटत जाते. भिंतीला रंग देताना ब्रशला एखादा राठ केस असला की पूर्ण हातभर ओरखडा उठतो, तसंच. या रेघेची ओळख म्हणजे ती तुकड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाते, कडेला समांतर असते, आणि त्याच बॅचच्या दुसऱ्या तुकड्यावर आली तर त्याच दिशेने येते. तिची जागा बदलू शकते, कारण तुकडे मोठ्या रोलच्या वेगवेगळ्या भागांतून कापलेले असतात. रेघेला काटकोनात, ठरावीक अंतरावर येणारे फिकट आडवे पट्टे असतील तर यंत्राची थरथर किंवा वेगातले हिसके समजावेत.

दुसरी ओळखीची खूण म्हणजे धूमकेतू. गोल पारदर्शक ठिपका आणि त्यामागे निमुळती होत गेलेली शेपटी. ओल्या थरात कण पडला की पुढे धावणाऱ्या पट्टीवर त्याच्यामागे इमल्शन पातळ होत जातं. एका डब्यातल्या तीन तुकड्यांवर धूमकेतू असतील आणि नॉच, म्हणजे कोपऱ्याजवळच्या ओळखीच्या खाचा, एका बाजूला धरल्यावर तिघांच्याही शेपट्या एकाच दिशेला असतील, तर पुढे वाद घालायला काही उरत नाही. धुळीला दिशा नसते.

साध्या पिनहोलचं प्रकरण जास्त नाजूक आहे. पारदर्शक ठिपका चार कारणांनी येऊ शकतो. एक्स्पोजरच्या वेळी इमल्शनवर धुळीचा कण होता. डेव्हलपरमध्ये हवेचा बुडबुडा चिकटून राहिला. इमल्शनमध्ये मुळातच बुडबुडा होता. किंवा डेव्हलपरमधून आलेल्या फुगलेल्या, मऊ इमल्शनमध्ये वायू तयार होऊन ते फुटलं, कारण कार्बोनेट असलेला डेव्हलपर आणि डेव्हलपिंग थांबवणारा आम्लाचा स्टॉप बाथ एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतोच. मऊ इमल्शनच्या जुन्या पद्धतीच्या फिल्मना स्टॉप बाथऐवजी साधं पाणी वापरा, हा सल्ला यातूनच आला.

या चौघांना वेगळं करायला एक चांगली युक्ती आहे. निगेटिव्ह लाइट टेबलवरून उचला, इमल्शनची बाजू वर करा आणि बाजूने, अगदी तिरका दिवा टाकून दहापट भिंगातून ठिपक्याची जागा बघा. आता आरपार प्रकाश बघायचा नाही, पृष्ठभागावरची चमक बघायची. चमक अखंड असेल, जिलेटिन तिथे शाबूत असेल आणि फक्त चांदी नसेल, तर दोष धुळीचा किंवा डेव्हलपरमधल्या बुडबुड्याचा. म्हणजे आपला. कडा वेड्यावाकड्या किंवा तंतूसारख्या असतील तर धूळ, नेटकं वर्तुळ असेल तर बुडबुडा. उलट चमक तुटलेली असेल, तिथे खळगा किंवा थेट प्लास्टिक दिसत असेल, तर इमल्शनच तिथे नाही. मग ते कारखान्यात गेलं की तुमच्या स्टॉप बाथमध्ये, एवढंच ठरवायचं राहतं, आणि पुढचा तुकडा पाण्याच्या स्टॉपमधून काढला की तेही ठरतं.

निगेटिव्हवरचे काळे डाग, जे प्रिंटमध्ये पांढरे येतात, वेगळ्या घराण्यातले. झाडाच्या फांद्यांसारखी किंवा विजेसारखी काळी नक्षी म्हणजे स्थिर विजेची ठिणगी. कोरड्या हवेत डार्क स्लाइड झपकन ओढली किंवा तुकडे एकमेकांपासून घाईने सोडवले की ती पडते, आणि कापणाऱ्या यंत्रातही पडू शकते. लोखंडाच्या किंवा तांब्याच्या सूक्ष्म कणाभोवती इमल्शन आपोआप काळवंडतं, तो डाग गोल आणि कडेला विरत जाणारा. चंद्रकोरीसारखी खूण दिसली तर मात्र कारखान्याला पत्र लिहू नका. अंधारात होल्डर भरताना फिल्म बोटांमध्ये जरा जास्त वाकली, की तिथे दाबाची अशी खूण उमटते.

ओरखड्यांबद्दल भांडण कायमचं आहे. जिलेटिन कडक करण्यासाठी कारखाने त्यात हार्डनर घालतात आणि वर संरक्षक थर देतात. काही छोटे कारखाने हे बेताचंच करतात, त्यामुळे त्यांची ओली फिल्म नखाच्या नुसत्या स्पर्शाने खरवडली जाते. ट्रेमध्ये चार-पाच तुकडे एकावर एक ठेवून खालचा वर, खालचा वर असं फिरवत डेव्हलप करणाऱ्यांना अशी फिल्म रडवते. दोष कुणाचा? माझ्या मते फिल्म मऊ असल्याचं माहितीपत्रकात लिहिलेलं असेल तर तुमचा, नसेल तर कंपनीचा. एकेक तुकडा वेगळ्या ट्रेमध्ये किंवा ड्रममध्ये घेतला की प्रश्न बराचसा मिटतो. ड्रममध्ये एक नवीन भानगड उद्भवते, ती म्हणजे तुकड्याची पाठ भिंतीला चिकटून राहते आणि मागचा रंगीत थर नीट धुतला जात नाही. निळसर किंवा गुलाबी ढग राहतात. ते घाबरण्यासारखे नाहीत. तुकडा बाहेर काढून ट्रेमध्ये सोडियम सल्फाइटच्या सौम्य द्रावणात ठेवून पुन्हा धुतला की सहसा जातात.

फिरवून बघा

पट्टे आणि असमान डेन्सिटी यांचा निकाल लावायला शीट फिल्म रोलपेक्षा सोयीची आहे, कारण तुकडा उलटा फिरवता येतो. नॉच म्हणजे एका कोपऱ्याजवळ कापलेल्या खाचा, अंधारात बोटाला लागतील अशा. तुकडा उभा धरला आणि नॉच वरच्या उजव्या कोपऱ्यात आली, की इमल्शन तुमच्याकडे. हाच तुकडा १८० अंशांत फिरवला तर नॉच खाली डाव्या कोपऱ्यात जाते आणि इमल्शन तुमच्याकडेच राहतं.

एकसारख्या उजेडातल्या कोऱ्या भिंतीवर कॅमेरा रोखा, फोकस पूर्ण बिघडवा, आणि मध्यम राखाडी येईल एवढं एक्स्पोजर द्या. पहिला तुकडा नेहमीसारखा, दुसरा त्याच होल्डरच्या त्याच बाजूत फिरवून भरलेला. दोन्ही एकाच पद्धतीने धुवा, आणि धुताना दोघांची नॉच एकाच बाजूला ठेवा. आता दोन्ही निगेटिव्ह नॉच जुळवून शेजारी ठेवा. पट्टा दोन्हींवर नॉचच्या हिशेबाने त्याच जागी आला, तर तो फिल्मबरोबर फिरला. म्हणजे फिल्मचा, किंवा धुण्याच्या पद्धतीचा. दोन्हींवर विरुद्ध टोकांना आला, तर तो कॅमेऱ्यात जागच्या जागी होता: होल्डरमधून शिरणारा उजेड, भात्याचं भोक, लेन्सच्या कडेची काळोखी. फिल्म की धुणं हा राहिलेला संशय काढायला तिसरा तुकडा पहिल्यासारखाच एक्स्पोज करून धुताना उलटा ठेवा. ट्रे हलवताना कडेला येणाऱ्या लाटेचे पट्टे मग दुसऱ्या टोकाला जातील. तीन तुकडे खर्च होतात, पण महिनाभराचा वाद मिटतो.

आणखी एक तुकडा बळी द्यायची तयारी असेल तर त्याचे अंधारात दोन भाग करा. एक भाग एक्स्पोज न करता डेव्हलप आणि फिक्स करा, दुसरा नुसताच फिक्स करा. दुसऱ्यावर फक्त बेसचा रंग आणि यांत्रिक ओरखडे दिसतील. पहिला त्याहून जेवढा काळपट, तेवढं फॉग. फिल्म जुनी आहे का, उन्हाळ्याच्या गोदामात पडून होती का, डब्यातून उजेड शिरला का, हे या दोन अर्ध्या तुकड्यांतून बऱ्यापैकी समजतं. काळपटपणा फक्त कडांना असेल तर डब्याकडे आणि आतल्या काळ्या पिशवीकडे बघा.

कापण्यातले दोष कमी रंजक पण जास्त चिडवणारे. ४×५ म्हणवणारा तुकडा प्रत्यक्षात त्याहून दीड-दोन मिलिमीटर लहान असावा लागतो, नाहीतर होल्डरमध्ये जातच नाही. अर्धा मिलिमीटर जास्त राहिला तर अंधारात ढकलाढकली, आणि त्यातून ओरखडे, वाकणं, चंद्रकोरी. नॉच नसणं किंवा चुकीच्या कोपऱ्यात असणं हे त्याहून वाईट. उलटी भरलेली फिल्म मागच्या रंगीत थरातून एक्स्पोज होते, निगेटिव्ह फिकट येते आणि डावं-उजवं बदललेलं असतं. नवीन कंपनीचा डबा उघडल्यावर पहिला तुकडा उजेडात बघून नॉच आणि इमल्शनची बाजू पडताळणं हा एका तुकड्याचा खर्च मी कधीच वाया मानत नाही. उजेडात इमल्शनची बाजू फिकट, निस्तेज दिसते, पाठ गडद आणि चकचकीत.

दोष नव्हे, स्वभाव

काही तक्रारी मुळात दोषांच्या नसतातच. फोमापान १०० च्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलं आहे की उजेड मोजणाऱ्या मीटरने १ सेकंद सांगितला तर दुप्पट द्या, १० सेकंद सांगितले तर आठपट, १०० सेकंद सांगितले तर सोळापट. म्हणजे संध्याकाळी मीटर १० सेकंद दाखवत असेल तर शटर ८० सेकंद उघडं ठेवायचं. मोठ्या कॅमेऱ्यात छिद्र लहान ठेवायची सवय असल्याने असे लांब एक्स्पोजर सतत येतात. ज्याने १० सेकंदच दिले त्याच्या हाती पातळ निगेटिव्ह येणार, आणि तो फिल्म कमी वेगाची आहे म्हणणार.

डब्यावरच्या वेगाचंही तसंच. ISO वेग मोजायची रीत ठरलेली आहे: बेस आणि फॉगच्या वर ०.१० डेन्सिटी जिथे मिळते तो बिंदू, आणि ठरावीक कॉन्ट्रास्टपर्यंत डेव्हलपमेंट. तुमचा डेव्हलपर, तुमचं पाणी आणि तुमचा ट्रे त्या अटींत बसतीलच असं नाही. डब्यावर १०० असलेली फिल्म ६४ किंवा ५० ला वापरणारे खूप आहेत, आणि त्यात फसवणूक झाल्याची भावना ठेवायचं कारण नाही. मात्र गेल्या डब्यात ६४ ला नीट आलेली फिल्म याच पद्धतीने या डब्यात ३२ ला यायला लागली, तर तो बॅचचा प्रश्न आहे आणि तो कंपनीला कळवायलाच हवा.

मोठेही यातून सुटलेले नाहीत, हे नोंदवून ठेवतो. २०१६ च्या सुमारास कोडॅकच्या १२० रोलच्या मागच्या कागदावरचे आकडे फोटोत उमटायला लागले होते आणि कंपनीला ते मान्य करावं लागलं. शीट फिल्मला मागे कागदच नसतो, तेवढी एक डोकेदुखी कमी.

चाचणीतून काय कळतं आणि काय नाही

पंचवीस तुकड्यांचा डबा आहे आणि त्यातले दोन खराब आहेत, असं समजा. तुम्ही चार तुकडे चाचणीत वापरले. चारही स्वच्छ निघण्याची शक्यता किती? गणित केलं तर ७० टक्के. म्हणजे दहापैकी सात वेळा चाचणी म्हणणार की डबा उत्तम आहे, आणि दोन खराब तुकडे पुढच्या एकवीसमध्ये तुमची वाट बघत बसणार. चाचणीत वेग, कॉन्ट्रास्ट, फॉग, कापणी, सगळीकडे पसरलेले पट्टे असे डबाभर सारखे असणारे दोष पकडले जातात. अधूनमधून येणारे धूमकेतू आणि पिनहोल तिच्या हातून निसटतात.

त्यांच्यावर उपाय एकच, तो म्हणजे महत्त्वाच्या फोटोचे दोन तुकडे घेणे. वरच्याच डब्यातून कोणतेही दोन काढले तर दोन्ही खराब निघण्याची शक्यता ३०० मध्ये १. खर्च दुप्पट होतो हे खरं, आणि स्वस्त म्हणून घेतलेली फिल्म मग तितकी स्वस्त राहत नाही. दुसरा तुकडा शक्य असेल तर वेगळ्या होल्डरमधून घ्यावा आणि वेगळ्या वेळी धुवावा, म्हणजे कॅमेऱ्यातली किंवा धुण्यातली एकच गडबड दोघांना गाठत नाही. आणि ज्या बॅचची चाचणी करून ती पास झाली, तिचे आणखी डबे लगेच घेऊन थंड जागी ठेवणं शहाणपणाचं. पुढची बॅच वेगळी असू शकते.

तक्रार करायची वेळ आलीच तर डब्यावरचा इमल्शन नंबर (बॅचचा क्रमांक) लागतो, म्हणून शेवटचा तुकडा संपेपर्यंत डबा फेकू नये. कंपनीला फोनवरून काढलेला निगेटिव्हचा फोटो पुरत नाही. खराब निगेटिव्ह, फिरवून बघितलेले राखाडी तुकडे, त्याच डब्यातले न वापरलेले काही तुकडे, आणि डेव्हलपर, तापमान, वेळ, स्टॉप यांची नोंद, एवढं पाठवलं तर छोट्या कारखान्यातला माणूस रोलच्या कोणत्या भागात गडबड झाली हे शोधू शकतो. त्यांच्याकडे पट्टी तपासणारी उपकरणं कमी असतात, त्यामुळे हा माल त्यांनाही हवा असतो. बहुतेक वेळा बदली डबा येतो. तो वेगळ्या बॅचचा आहे ना, हे नंबर बघून खात्री करावी, आणि पहिला तुकडा पुन्हा राखाडी भिंतीवर घालवावा.